गळ्यावरचं लिंबू

तालमीतल्या लाल मातीवर वस्ताद उताणे झोपले आणि लिंबू त्यांनी स्वतःच गळ्यावर ठेवून घेतलं. गळ्यावरचं लिंबू एका वारात कापायच्या शिवजयंतीच्या खेळाचा हा शेवटचा सराव होता. दांडपट्टा हातात चढवून त्यांची लेक संयोगिता समोर उभी होती, पण वार काही करेना.

"आबा, उठा. तुमच्यावर मी न्हाई पट्टा चालवायची."

"का? डॉक्टरांनी चारच महिनं सांगितल्यात. मला आता मरणाचं भ्याच उरलं न्हाई."

"म्हणूनच. ज्याला भ्या न्हाई, त्याच्या गळ्यावर लिंबू ठेवायचं न्हाई. तुम्हीच शिकवलंय."

वस्ताद लिंबू बाजूला ठेवून उठले. चाळीस वर्षं हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. भ्यालेला माणूस श्वास रोखून दगडासारखा पडून राहतो. बिनघोर गडी मात्र ऐन वाराला आवंढा गिळतो, आणि गळा तसूभर हलला तरी खेळ खलास.

संयोगितानं पट्टा उतरवून त्यांच्या हातात दिला. मग ती स्वतःच मातीवर आडवी झाली आणि लिंबू तिनं गळ्यावर ठेवून घेतलं.

"घ्या, तुम्ही मारा."

लिंबासाठी वस्तादांनी तालमीतला एकेक गडी झोपवला होता, लेकीला मात्र आजवर कधीच नाही. त्यांनी पट्टा वर नेला. तो तिथंच थांबला. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर आला, तरी त्यांना तो पुसता येईना. छातीतला श्वास केव्हाचा कोंडून राहिला होता.

संयोगिता उठून बसली. पाठीची माती झटकून तिनं लिंबू त्यांच्यापुढं धरलं.

"हाय की अजून भ्या," ती म्हणाली. "झोपा आता."