सहावी वॉरंटी

“और अगर वॉरंटी न लें तो?” गुणवंत सबनीसांनी चौथ्यांदा विचारलं.

“कोई बात नहीं सर, आपकी मर्ज़ी,” राजीव चौथ्यांदा म्हणाला आणि चौथ्यांदा हसला. त्याचे गाल दुखायला लागले होते.

गुरुग्रामच्या त्या जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये राजीव तीन वर्षं सेल्समन होता. आज महिनाअखेर. मॅनेजरने सकाळीच सुनावलं होतं. गाड्यांबरोबर महिन्याला सहा जादा वॉरंट्या विकायच्या ठरल्या होत्या, झाल्या पाच. सहावी आज आली नाही, तर पहिल्या तारखेपासून पानिपतच्या शाखेत जायचं. घरी चार महिन्यांची मुलगी होती. रोज पानिपतला ये-जा करायची म्हणजे तिला फक्त झोपलेलीच बघायची. ते त्याला अजिबात नको होतं.

काचेपलीकडे ती लाल, दोन दारांची, छत उघडणारी गाडी उभी होती. सहा वर्षांची, पण खरोखरच उत्तम. आधीचा मालक डॉक्टर होता आणि ती फक्त रविवारी बाहेर काढायचा. तीस वर्षं सरकारी गाडीत मागच्या सीटवर बसून निवृत्त झालेल्या सबनीसांचा जीव तिच्यावर जडला होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तरी दीड तास झाला, निर्णय काही होत नव्हता.

सबनीस बायकोकडे वळले आणि मराठीत सुरू झाले. राजीवने कॉम्प्युटरवर नजर लावली आणि कान टवकारले.

दिल्लीतल्या मराठी माणसांची ही खोड त्याला चांगली ठाऊक होती. दुकानदारासमोर, रिक्षावाल्यासमोर, घरमालकासमोर ही मंडळी बिनधास्त मराठीत खलबतं करतात. समोरचा म्हणजे जणू भिंत. राजीवच्या वडिलांचं कँटोनमेंटमध्ये शिंप्याचं दुकान होतं आणि त्याचं सगळं लहानपण साताऱ्या-कोल्हापूरकडच्या जवानांच्या पोरांबरोबर गेलं होतं. मराठी त्याला शिव्यांसकट येत होती. पण गिऱ्हाइकासमोर त्याने आजवर एक शब्द काढला नव्हता. गेल्या वर्षभरात याच जोरावर त्याने चार मराठी कुटुंबांना गाड्या विकल्या होत्या आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती.

“विजया, हा वॉरंटी इतकी गळ्यात मारतोय, म्हणजे गियरबॉक्समध्ये काहीतरी लोचा आहे,” सबनीस म्हणाले.

“मलाही तेच वाटतं,” विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या. “गाडी एवढी चांगली, तर वॉरंटी कशाला लागते?”

गियरबॉक्स ठणठणीत होता. त्याने ड्रॉवरमधून तपासणीचा कागद काढला आणि सहज आठवल्यासारखा पुढे सरकवला.

“सर, वैसे गियरबॉक्स की रिपोर्ट भी देख लीजिए. बिल्कुल परफेक्ट है.”

“बघितलंस?” सबनीस बायकोला म्हणाले. “गियरबॉक्सचं कुणी विचारलं होतं का याला?”

“न विचारता बोलला म्हणजे नक्कीच आहे काहीतरी.”

राजीवला टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. खरं सांगितलं तरी संशय! मग त्याने ठरवलं, आता तोंडच उघडायचं नाही. तो चहा मागवून गप्प बसला.

“आता बघा कसा गप्प झाला,” विजयालक्ष्मीबाई चहात बिस्किट बुडवत म्हणाल्या. “पकडला गेला ना.”

“चल मग, नोएडाला जाऊ. तिथली पांढरी बघू.”

“अहो, मला लालच आवडलीय हो. पण कसं आहे, ज्याचा स्वतःच्या गाडीवर विश्वास आहे ना, तो वॉरंटी फुकट देतो. हा तसं म्हणाला, तर मी आत्ताच्या आत्ता चेक फाडायला सांगेन. नाही म्हणाला, तर उठायचं. चहा संपेपर्यंत थांबू.”

सबनीसांच्या कपात दोन घोट उरले होते.

राजीवने भराभर हिशेब केला. वॉरंटी फुकट दिली तर तिचे पैसे त्याच्या कमिशनमधून कापले जाणार होते, म्हणजे दोन महिने ओढाताण. बायको चिडणार. पण सहावा आकडा भरणार, पानिपत टळणार, आणि मुलगी संध्याकाळी जागी भेटणार. त्याला स्वतःचा राग आला, या दोघांचा त्याहून जास्त आला. सबनीसांनी कप उचलला.

“सर,” राजीव एकदम म्हणाला, “गाड़ी पर मुझे पूरा भरोसा है. दो साल की वॉरंटी मेरी तरफ़ से. फ़्री.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“अरे वा, ये तो बहुत अच्छा हो गया!” सबनीस म्हणाले आणि त्यांनी चेकबुक काढलं.

पुढचा अर्धा तास कागदपत्रांत गेला. मॅनेजरने सहाव्या वॉरंटीचा फॉर्म बघून मान डोलावली. पानिपतचा विषय मिटला. खिसा रिकामा झाला होता, पण राजीवला हलकं वाटत होतं. मराठी येत नसती तर हे गिऱ्हाईक केव्हाच नोएडाला गेलं असतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला दिवसभरात पहिल्यांदा खरंखुरं हसू आलं.

त्याने सबनीसांना किल्ली दिली, दार उघडून धरलं, वाकून नमस्कार केला. गाडी सुरू झाली. गियर लोण्यासारखा पडला.

विजयालक्ष्मीबाईंनी काच खाली केली.

“पुढच्या रविवारी माझी बहीण येणार आहे रे, राजीव,” त्या म्हणाल्या. “तिच्याशी सरळ मराठीतच बोल. तिला माझ्यासारखं नाटक जमत नाही.”