उंबऱ्याबाहेर

"रोमा दारी आला तर उंबऱ्याबाहेर ठेवावा,
भिंतीला टेकला तर भिंतीला चुना द्यावा."

ही कविता आमच्या गावच्या बोरिमिर मास्तरांची. दरवर्षी अक्षरदिनाला शाळेत ती म्हटली जायची. वर्गात रोमा, म्हणजे जिप्सी जमातीचा, मी एकटाच, पण मलाही ती म्हणावी लागायची. एकदा एक ओळ गाळली, तर मास्तरांनी छडीनं माझे हात फोडून काढले होते.

परवा मास्तर गेले. आमच्या बल्गेरियात रक्ताच्या माणसानं शवपेटीला खांदा द्यायचा नसतो. आणि गावातली धडधाकट पोरं सगळी जर्मनीत. उरलेत ते म्हातारे आणि आमची वस्ती. म्हणून मास्तरांचा मुलगा वेलिझार, जन्मभर मला "ए काळ्या" म्हणत आलेला, सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाला, "अंगेलभाऊ, चौघं जण या. बाबांना न्यायचंय."

आम्ही चौघं गेलो आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिलो.

"अरे, या की आत! पाद्री खोळंबलेत," वेलिझार आतून ओरडला.

मी शाळेत बांधायचो तसे हात मागे बांधले आणि जमलेल्या सगळ्यांसमोर अख्खी कविता म्हणून दाखवली. या खेपेला एकही ओळ गाळली नाही. मग विचारलं,

"बोल वेलिझार, आता बापाची कविता मोडायची, की बापाला तू स्वतः इथवर उचलून आणतोस?"