लाल पानांवरची नावं

नवऱ्याला माणसांची नावं आठवेनाशी झाली होती. कॉलेजात हे कळलं तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार, म्हणून सगळं आलबेल असल्याचं दाखवायला तिने प्राचार्यांना दोन प्राध्यापकांसह जेवायला बोलावलं. टेबलावर बागेतली झडलेली लाल पानं मांडली, त्यांवर पांढऱ्या रंगाने पाहुण्यांची नावं लिहिली आणि नवऱ्याला वाचता येतील अशी वळवून ठेवली. “वहिनी, काय सजावट केलीत!” प्राचार्य म्हणाले. भोपळ्याचं सूप संपेपर्यंत नवरा प्रत्येकाला बिनचूक नावाने हाक मारत होता. तिचा जीव भांड्यात पडला. भाजलेल्या नासपती घेऊन ती आली, तेव्हा तो अदबीने उठला आणि खुर्ची पुढे करत म्हणाला, “ताई, तुम्हीही बसा ना आमच्याबरोबर.” प्राचार्य चमकले. मग तीच आधी खदखदून हसली, तिचं बघून पाहुणेही हसले, आणि काही न कळून शेवटी तोही.