बारशाचं कुर्र

भिंतीपलीकडच्या यंत्रमागांच्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून आत्यानं बाळाच्या कानाशी मोठ्यानं ‘कुर्र’ केलं. बायकांनी हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. पाळण्यातली पोर मात्र जराही हलली नाही.

“कुकरची शिट्टी झाली तरी अशीच झोपती ही,” सासू बोलून गेली, आणि हसणं तिथंच थांबलं. आत्यानं थाळी उचलली आणि पाळण्याशेजारी पळीनं दणकन वाजवली. पोर गाढ झोपलेली. कुणीतरी “अगंबाई!” म्हणालं. पद्मलनं पाळण्याची दोरी घट्ट धरली. आईच ती, पोरीला ऐकू येत नसावं ही शंका तिला कधीचीच आली होती. नवऱ्यालासुद्धा तिनं सांगितली नव्हती.

तेवढ्यात लाइट गेली. माग बंद पडले आणि सगळी गल्ली एकदम शांत झाली.

पोर दचकली. दोन्ही हात फेकून तिनं असा टाहो फोडला, की आत्याच्या हातातली पळी पडली.

पद्मल बघतच राहिली. दिवस भरत आले तरी ती त्या मागांशेजारी सुताच्या कांड्या भरत होती. पोटात पोरीचे कान उघडले, मेंदू घडला, तो याच खडखडाटात. त्यापुढं थाळीच्या आवाजाला ती कशाला दचकेल? माग थांबले, म्हणून घाबरली.

पोर कुणालाच आवरेना. पद्मलनं पाळण्याच्या दांडीवर बोटांनी ठेका धरला. खटक-खटक, खटक-खटक. रडणं हळूहळू थांबलं. डोळे उघडेच राहिले.

“वन्सं,” पद्मल म्हणाली, “आता सांगा नाव. ऐकतीया ती.”