फलाटावरचा नारळ

त्या डोंगरावर मोटारींना बंदी होती. झुकझुक गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्यांचं सामान आम्ही मालवणकडचे हमाल डोक्यावरून हॉटेलांत पोचवायचो. तांबड्या मातीचा तो फलाट मला अजून स्वप्नात दिसतो.

पावसाळ्यात गाडी बंद असे. सगळे गावाला जात. स्टेशन राखायला मी आणि लवू उरायचो.

लवू मूळचा होडीवरचा. धाकटा भाऊ तातू दर्यातून परतला नाही, तेव्हा त्याने किनारा सोडला. नारळी पौर्णिमा मात्र सोडली नाही. दर वर्षी फलाटाच्या टोकाला उभा राहून तो धुक्याने भरलेल्या दरीत नारळ सोडायचा. खाली नुसते खडक. मला हसू यायचं.

"हसू नको रे," तो म्हणायचा. "दर्याक वाट म्हायत आसता."

बासष्ट साली भर दुपारी त्याने असाच नारळ सोडला, आणि पाण्यात पडावा तसा डुबुक आवाज आला.

धुक्यातून खारा वारा आला, मागोमाग वल्ह्यांचा आवाज. मग अगदी जवळून हाक आली.

"दादा, दोर टाक! मी इलंय!"

"तातू," लवू म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मी "नको रे" म्हणेपर्यंत त्याने सामान बांधायचा दोर धुक्यात फेकला होता. दोर खाली लोंबला नाही. समोर सरळ ताणला गेला.

लाकूड दगडाला घासलं, आणि होडी फलाटाला लागली.