वरच्या पैलवानाचं कार्ड

"अगं, घडी नखाने नाही दाबायची, कागद चमकतो. पट्टीने दाब," म्हणत काकूंनी मुलीच्या हातातला जाड कागद काढून घेतला.

छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात उभा जन्म गेला होता त्यांचा. कागद आडवा धरून त्यांनी खालची कड चार बोटं वर दुमडली, दोन्ही टोकांना डिंकाची बारीक रेघ ओढली आणि अख्खा कागद मधोमध मिटला. उघडल्यावर आत खिसा तयार. त्याच्या तोंडाशी कात्रीने अर्धगोल कापला, म्हणजे गिफ्ट कार्ड अंगठ्याने अलगद ओढता यावं.

"खेळाच्या सामानाचं दुकान?" मुलीने गिफ्ट कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "आणि हे त्या वरच्या माणसाला? ज्याची जिन्यात सगळ्यांदेखत बिनपाण्याने हजामत केलीस त्याला?"

"म्हणूनच. आज जागा सोडून चाललाय तो."

वरच्याला काकू पैलवान म्हणत. रोज सकाळी यांच्या छतावर धाड धाड वजनं आपटायची. एवढं करून माणूस दिसायला पाप्याचं पितर! एकेकाच्या अंगी लागत नाही व्यायाम, असं म्हणून काकूंनी तो विषय सोडून दिला होता.

पूर्वी वर नुसती खुर्ची सरकायची. तेवढ्यासाठीसुद्धा काका आजारपणात कठड्याला धरत धरत वर गेले होते. बऱ्याच वेळाने उतरले. "सांगून आलोय," एवढंच म्हणाले. पुढे काका गेले, आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच वर ही धडधड सुरू. माणूस गेला की त्याच्या बोलण्याला कोणी भीक घालत नाही, या रागाने काकू जिन्यात नको नको ते बोलल्या. तो मुकाट्याने मान खाली घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा धाड!

"खरं सांगू?" काकू खिशाची कड दाबत म्हणाल्या. "तुझे बाबा गेल्यावर मला उठावंसंच वाटायचं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. याच्या आवाजाने डोकं भणभणायचं, म्हणून तेवढी उठायचे. तणतणत पातेलं ओट्यावर आदळायचे, तेव्हा कुठे हा थांबायचा. मग उठलेच आहे तर चहा, चहा झाला तर अंघोळ. त्याने मला माणसात आणलं गं, आणि त्या बापड्याला त्याचा पत्ताही नाही."

"आता तो गेल्यावर?"

काकूंचा हात थांबला. त्याचीच तर धास्ती घेतली होती त्यांनी.

"गजर लाव ना, आई."

"गजर बंद करता येतो."

कार्डावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'तुमच्या व्यायामामुळे मी उभी राहिले. फार फार आभारी आहे. तेव्हा बोलले त्याची माफी असावी.' मग पदर सारखा केला आणि जिना चढून गेल्या.

पैलवान बांधलेल्या खोक्यांच्या मधोमध उभा होता. त्यांना पाहताच तो दचकला. आज आणखी काय ऐकावं लागणार, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. काकूंनी कार्ड पुढे केलं.

त्याने ते उघडलं. दोनदा वाचलं. खिशातून गिफ्ट कार्ड ओढलं, त्यावरचं डंबेलचं चित्र पाहिलं आणि आधी हसला, मग चष्मा काढून डोळे पुसत बसला.

"अहो, रडताय काय? आवडलं नाही का?" काकू गोंधळल्या.

"आवडलं, काकू. पण मी जन्मात कधी वजन उचललेलं नाही. मी खोकं भरून पुस्तकं आपटायचो."

"पुस्तकं? ती कशाला?"

"आता ते काम नवीन भाडेकरू करेल, सगळं नीट समजावलंय त्याला. उद्या सकाळपासून लागेल कामाला. तुम्ही उठल्याचं कळेपर्यंत थांबायचं नाही, असं काकांनी मला बजावलं होतं."