पुढची दोन्ही चाकं

मिस्त्रीने पुढच्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. "मास्तर, यावर चहा उकळेल की हो!"

मोटार शिकवणाऱ्या मास्तरांना हसू आलं नाही. शिकाऊ गाडीला जळका वास येतोय हे त्यांच्या नव्हे, शिकणाऱ्या नर्सबाईंच्या लक्षात आलं होतं आणि बाईंनीच गाडी थेट गॅरेजात आणून उभी केली होती. उद्या बाईंची परीक्षा. पास झाल्या की दूरच्या गावी नोकरी, घरोघरी जाऊन आजारी माणसं बघायची. गाडी चालवता येत असेल तरच घेऊ, असं त्यांना सांगितलेलं. म्हणजे उद्यानंतर मास्तरांच्या शेजारी दुसरंच कोणी बसणार. शिकणाऱ्यांना काय तोटा? पण चूक झाली की स्वतःशीच हसणारं असं माणूस पुन्हा यायचं नाही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

मिस्त्री दुसऱ्या बाजूला गेला. तेही चाक तेवढंच तापलेलं. मागची नुसती कोमट.

"एकच चाक तापलं असतं तर म्हटलं असतं, आत काहीतरी अडकलंय. ही तर दोन्ही सारखीच."

गाडी जरा निवल्यावर त्याने ती जॅकवर चढवली आणि चाक हाताने फिरवलं. गरगर फिरलं. मग आत वाकून त्याने शिकाऊ गाडीत मास्तरांच्या बाजूलाही असतं ते ब्रेकचं पेडल दाबलं, तसं बाईंच्या बाजूचंही खाली गेलं. सोडल्यावर दोन्ही वर आली.

"पेडलही चिकटत नाही," तो पुटपुटला.

चोराच्या मनात चांदणं! गेले कित्येक दिवस मास्तरांचा पाय त्या पेडलवर विसावत होता. दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. मग गाडी जड चालायची, बाईंना वेग धरता यायचा नाही आणि मास्तर म्हणायचे, "अजून थोडे दिवस शिकायला हवं." सुरुवातीला त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. कळल्यावर पाय काढवेना.

"गाडीत काही दोष नाही," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "कुणाचा तरी पाय ब्रेकवर राहतोय."

मास्तरांनी नकळत एक पाय मागे घेतला.

"माझाच," नर्सबाई म्हणाल्या. "सवयच लागलीय मेली."

"अहो, उद्या परीक्षेत असं कराल तर पहिल्या वळणावरच घरी पाठवतील! आणि मास्तर, तुमचं लक्ष कुठे असतं?"

मिस्त्रीने गाडी जॅकवरून खाली घेतली.

"पाय सांभाळून एक फेरी मारून या," मिस्त्री म्हणाला. "चाकं गार राहिली तर सुंठीवाचून खोकला गेला."

गाडी रस्त्याला लागली. मास्तरांनी दोन्ही पाय सीटकडे ओढून घेतले. बाईंनी गिअर कधी बदलले ते कळलंसुद्धा नाही. परीक्षा घेणारा कितीही खडूस निघो, उद्या बाई पास होणार. मास्तरांना अभिमान वाटला. थांबा, जाऊ नका, एवढंच म्हणायचं होतं त्यांना. आजवर जमलं नव्हतं, आजही जमेना.

"मिस्त्रीला खोटं का सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"मग काय, चारचौघांत तुमची शोभा करू?"

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून. तुमचा पाय पडला की माझं पेडल जरासं खाली जातं, मास्तर."

दोन्ही पेडलं एकाच दांड्याला जोडलेली असतात, हे मास्तर दर नव्या विद्यार्थ्याला सांगत आले होते. या खेपेला तेवढंच नेमकं त्यांच्या ध्यानातून गेलं होतं.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

बाईंनी आरशात पाहिलं, इशारा दिला आणि गाडी अलगद वळवली. सगळं शिकवल्याबरहुकूम.

"मला तरी कुठे घाई होती?"